शून्य वॅटची शिळा

चार वाजायला अजून पाव तास होता, तरी जुन्या फर्निचरच्या गोदामाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. गुडघे धरून बसलेले, कंबर धरून बसलेले, आणि काहीच दुखत नसताना केवळ शेजारीण आली म्हणून आलेले, असे सगळे एका काळ्या दगडाकडे डोळे लावून होते. दगड म्हणजे दारातल्या पायपुसण्याएवढी एक काळी फरशी, बुटक्या लाकडी ओट्यावर बसवलेली. समोर एक बाक. बाकावर बसायचं, अनवाणी पावलं शिळेवर टेकवायची आणि डोळे मिटायचे. की थंडगार दगड पायाखाली हळूहळू तापायला लागायचा.

"बघा, नीट बघा!" पांढऱ्या झग्यातले बाबा दोन्ही हात वर करून सांगत. "इथं विस्तव नाही, निखारा नाही, गॅस नाही, तार नाही! आहे फक्त विश्वास. ज्याची श्रद्धा ऊन, त्याची शिळा ऊन. ज्याची श्रद्धा गार, त्याची शिळा गार!"

यातली मेख अशी, की शिळा तापली तर श्रेय बाबांचं आणि नाही तापली तर दोष बसणाऱ्याचा. इतका बिनतोट्याचा धंदा जगात दुसरा नसेल. गार शिळेवरून उठणारा माणूस खाली मान घालून जायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी श्रद्धा गोळा करून परत यायचा. बाबांच्या शेजारी एक उंच मेज होतं, त्यावर जाडजूड वही. वहीमागे चेला उभा राहून रोग्यांची नावं लिहायचा. तो कधी बसत नसे. बाबांसमोर बसणं शोभत नाही, असं तो म्हणायचा.

मागच्या भिंतीला टेकून खटपट्या हे पाहत होता. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, पंप, जे हाताला लागेल ते उघडून बसायची खोड लहानपणापासून, म्हणून बहिणीनेच ते नाव ठेवलं होतं, आणि पुढे दुरुस्तीचं दुकान घातल्यावर सगळ्यांनी उचललं. ती बहीण, त्याची ताई, आज तिसऱ्या रांगेत बसली होती. ती इथं आहे हे त्याला तिने सांगितलं नव्हतं. ते त्याला एका डबीने सांगितलं.

त्या डबीची गोष्ट अशी. ताई त्याच्या दुकानासमोरच्या इमारतीत एकटीच राहायची. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काढलेली, स्वभावाने ताठ, आणि अंगात शुगर मुरलेली. शुगरने तिच्या पावलांची संवेदनाच नेली होती. एकदा चपलेतली टाचणी दिवसभर पायात रुतून होती, संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. मागच्या वर्षी एका सकाळी ती चक्कर येऊन पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून खटपट्या रोज सकाळी फोन करू लागला. चौथ्या दिवशी ताई कडाडली, "मी जिवंत आहे का हे रोज विचारत जाऊ नकोस. मेले की कळवीन!"

मग याने दुसरी वाट काढली. एक उघडमीट होणारं कडं घेतलं. तारेतून वीज वाहते तेव्हा तारेभोवती चुंबकत्व तयार होतं. कडं तारेभोवती मिटवलं की ते ओळखतं आणि किती वीज वाहतेय ते मोजतं. तार कापायला नको, सोलायला नको. कड्याला जोडलेली पेटी तो आकडा हवेतून पाठवते, आणि दुकानातल्या टेबलावर, साबणाच्या डबीत बसवलेल्या पडद्यावर तो उमटतो. तीन रविवार खपून त्याने ते बनवलं आणि ताईच्या मीटरपाशी बसवलं. "वीज किती जळते ते बघू," एवढंच तिला सांगितलं. सकाळी सहाला आकडा पंधराशे वॅटवर गेला की ताईने पाणी तापवायला लावलं. नव्वद म्हणजे नुसता फ्रिज. आकडे वाचता वाचता त्याला बहिणीचा दिवस पाठ झाला होता. आणि गेले दोन आठवडे रोज दुपारी साडेतीन ते पाच आकडा नव्वदवर खिळून राहायचा. आज तो तिच्या मागोमाग आला, तो थेट या गोदामात.

त्या दिवशी ताईची शिळा तापली. बाबा म्हणाले, "माई, चटका बसतोय?"

"नाही हो. काहीच कळत नाही."

"बघा!" बाबा गर्दीकडे वळले. "ज्यांना वरचा चटका कळत नाही, त्यांच्या थेट हाडात कृपा उतरते!"

बाहेर आल्यावर खटपट्याने तिला गाठलं. "ताई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? कोपराने पाहिल्याशिवाय गरम पाण्यातसुद्धा पाय घालायचा नाही. आणि तू तापल्या दगडावर पाय ठेवतेस?"

"डॉक्टरीणबाई असंही म्हणाल्या की गेलेली संवेदना परत येणार नाही. हे बाबा म्हणतात येईल."

"अगं, खाली विजेची तार आहे! साधा हीटर आहे तो!"

"पाहिलीस तू तार?"

"दाखवतो. उद्याच दाखवतो. तुझ्या हातात आकडा देतो."

बुडत्याला काडीचा आधार असतो, ती काडी ओढून घेताना आपला हात तरी स्थिर हवा. खटपट्याचा नव्हता. गोदामाचं मीटर बाहेरच्या भिंतीवर कुलूपबंद पेटीत होतं. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे, कारण त्याचंही मीटर त्याच पेटीत. पण शिंप्याचं मनगट दुखायचं, तो बाबांचा पक्का भक्त. त्याच्यापुढे हात कोण पसरणार? पेटीतून निघून भिंतीत शिरणारी एक जाड काळी केबल बाहेर दिसत होती. खटपट्याने घाईघाईत तिच्याभोवतीच दुकानातलं जादाचं कडं मिटवलं, कड्याची पेटी मागे खोचली आणि डबी त्या कड्यावर लावून ताईशेजारी जाऊन बसला.

ताईची पाळी आली. ताईने पावलं टेकवली. बाबांचं पालुपद सुरू झालं, चार मिनिटं गेली, शिळा तापली. शेजारच्या बाईने हात लावून "अगं बाई!" म्हटलं. खटपट्याने डबी ताईसमोर धरली.

पडद्यावर शून्य होतं.

त्याने डबी हलवली. शून्य. बाबांची नजर चाणाक्ष, त्यांनी ते टिपलं. "काय आहे हो ते?"

"वीज मोजायचं यंत्र," ताईच बोलली. "माझ्या भावाने बनवलंय. म्हणाला, शिळेखाली हीटर आहे."

सगळीकडे कुजबुज झाली. बाबांनी झगा सावरला. मग सावध आवाजात म्हणाले, "सांगा की मग. किती वीज दाखवतंय तुमचं यंत्र?"

खटपट्याला खोटं बोलता आलं असतं. "शून्य," तो म्हणाला.

गोदाम टाळ्यांनी दणाणलं. "विज्ञान आलं होतं परीक्षा घ्यायला!" बाबांच्या आवाजाला धार चढली. "विज्ञानानेच सांगितलं, शून्य! माई, आजपासून तुम्ही साक्षीदार. तुमचं आसन पहिलं, आणि तुम्हाला हवा तितका वेळ!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खटपट्या कान पाडून बाहेर आला, कडं काढलं, डबी पुन्हा ताईच्या घरच्या कड्यावर लावली आणि दुकानात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. गोदामाच्या दारावर पाटीच लागली, 'यंत्राने सिद्ध झालेली शिळा'.

चार दिवस तो रुसून बसला. यंत्र का चुकलं हे शोधायचं सोडून, बहीण आपल्याला भर सभेत तोंडघशी पाडते म्हणजे काय, हेच घोळवत राहिला. समोर डबी होती. ताईच्या घरचा नव्वदचा आकडा आता पाचला संपत नव्हता, सहा व्हायचे, साडेसहा व्हायचे. तो आकडा पाहायचा आणि तोंड फिरवायचा. याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

पाचव्या दिवशी सकाळी शिंपी इस्त्री घेऊन आला. "तापते, पण वीज जास्त खाते असं वाटतं. बघ जरा."

खटपट्याने इस्त्री लावली आणि तिच्या वायरीभोवती जादाचं कडं मिटवून डबी त्यावर लावली. डबीवर शून्य.

शिंप्याने इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला. तो चर्र करून उडाला. "ही तर तापलीय. मग शून्य कसं?"

खटपट्याने प्लग काढला. त्याने ब्लेडने वायरीचं वरचं आवरण चिरलं, आतल्या दोन तारा वेगळ्या केल्या आणि एकाच तारेभोवती कडं मिटवून इस्त्री परत लावली. हजार.

"एका तारेने वीज जाते, दुसरीने परत येते," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दोन्ही एकत्र कड्यात धरल्या की जाणारी येणारीला खोडून काढते. कडं म्हणतं, काहीच नाही. त्या केबलमध्ये दोन्ही तारा होत्या. शिकाऊ माणूससुद्धा करत नाही अशी चूक मी केली."

शिंप्याने इस्त्री बंद केली. मग हळूच म्हणाला, "पण त्या दिवशी गोदामात ट्यूबलाइट चालू होत्या. पंखे फिरत होते. यंत्र बरोबर असतं तर त्यांची तरी वीज दिसायला हवी होती ना?"

हवी होती. दोनशे माणसं फिरत्या पंख्यांखाली बसली होती आणि वीज शून्य, यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. एकानेही वर पाहिलं नाही. यंत्र बनवणाऱ्यानेही नाही.

तो धावत रस्ता ओलांडून ताईकडे गेला. दार उघडताच वास आला. ताई पलंगावर बसली होती, दोन्ही पावलांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या. डाव्या पायाची चिंधी त्याने सोडवली. तळव्याचं कातडं सुटून लोंबत होतं, खालचं मांस काळं पडलं होतं आणि घोट्यापर्यंत लाली चढली होती.

"दुखत नाही रे," ताई म्हणाली. "बाबा म्हणाले, रोग बाहेर पडतोय."

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. पाहून त्यांनी ओठ आवळले. "हे भाजलंय, आणि सडायला लागलंय. आत्ता दवाखान्यात. डावं पाऊल वाचेल असं मला वाटत नाही. रात्र गेली तर गुडघाही वाचायचा नाही, आणि त्यानंतर जिवाचंच."

"पाय कापायचा?" ताईने चिंधी परत गुंडाळायला घेतली. "मी नाही यायची. शिळेखाली हीटर नाही. माझ्या भावाच्या यंत्राने सांगितलंय."

"ताई, यंत्र चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. मी ते चुकीचं लावलं."

"त्या दिवशी बरोबर होतं, आज चुकीचं झालं? तुला हवं ते दिसलं नाही म्हणून?"

ती म्हणाली ते अगदी रास्त होतं. त्याने विनवलं, रडला, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ताई सुंभासारखी पीळ धरून बसली. शेवटी तोच म्हणाला, "बरं. आज चारला जाऊ. तू शिळेवर पाय ठेवायचा नाहीस, फक्त बघायचं. मग तू म्हणशील तसं."

ते ताईने मान्य केलं.

शिंप्याने पेटीचं कुलूप आपल्या हाताने उघडलं. आत गोदामाच्या दोन तारा सुट्या होत्या. खटपट्याने एकीभोवती कडं मिटवलं, आणि शिंप्याला दोनदा तपासायला लावलं. मग दोघांनी ताईला खुर्चीसकट उचलून आत नेलं. डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहिल्या. डबी ताईच्या मांडीवर होती.

"साक्षीदार माई आल्या!" बाबा गरजले. "पण आज आसनावर नाहीत?"

"आज बघते नुसती," ताई म्हणाली. डबीवर तीनशे दहा होतं. तिने मान वर केली, पंखे पाहिले, ट्यूबलाइट पाहिल्या. बराच वेळ ती वरच पाहत राहिली.

बाकावर एक म्हातारा बसला. बाबांनी हात वर केले. "इथं विस्तव नाही, निखारा नाही..."

आकडा हलला. ताईने वाचला, मोठ्याने, कारखान्यात मोजणी द्यावी तसा: "पंधराशे दहा."

बाबा अडखळले. तीनेक मिनिटांत म्हाताऱ्याने चटका बसून पाय आखडला. "तीनशे दहा," ताई म्हणाली. म्हाताऱ्याने पाय परत टेकवला. "पंधराशे दहा." आता ताई डबीकडे पाहत नव्हतीच. ती मेजाच्या पायथ्याशी पाहत होती, जिथं चेल्याच्या झग्याची किनार जमिनीला टेकली होती.

"तीस वर्षं मी पायाने मशीन चालवली," ती म्हणाली. "पॅडलवरचा पाय मला झग्याखालूनही कळतो. त्याची टाच उचला."

चेला पळाला असता, पण शिंप्याने त्याची गचांडी धरली. मेजाखालची सतरंजी दूर केली. खाली पितळी पॅडल होतं. पॅडलपासून तार, तार ओट्यापर्यंत. खटपट्याने आधी बाहेर जाऊन मेन स्विच पाडला, मग चौघांनी शिळा उचलली. खाली भट्टीच्या मातीत बसवलेलं तारेचं वेटोळं होतं, अजून गरम.

सगळी करामत एवढीच. चेला पाय दाबायचा, शिळा तापायची. बसणाऱ्याचा पाय चटक्याने हलला की चेला पाय उचलायचा. लोकांचे पायच त्या हीटरला आवरत होते. ताईचा पाय हललाच नाही. तिला काही कळतच नव्हतं. म्हणून चेला दाबत राहिला, आणि बाबा तिच्या निश्चल श्रद्धेचे गोडवे गात राहिले.

"कृपेला माध्यम लागतं!" बाबा ओरडले. "वीज हीसुद्धा शक्तीच आहे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि खोटं कशाला सांगा, पंधरा-वीस जणांनी त्यावर माना डोलावल्या. बाकावरच्या म्हाताऱ्याने तर बाबांचा झगा धरून विचारलं, "मग आता तुम्ही कुठे बसणार?" पोलिसांत द्यायच्या तक्रारीच्या कागदावर पहिली सही शिंप्याने केली, दुसरी डॉक्टरीणबाईंनी. दोनशे माणसांतून एकूण सह्या झाल्या अकरा.

ताईने डबी भावाच्या हातात दिली. "चल. कुठे कापायचाय तिथं ने."

डावा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापला. उजव्याची तीन बोटं गेली. गुडघा वाचला, जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी खटपट्या तिच्या उशाशी बसून म्हणाला, "माझ्या शून्याने तुझा पाय खाल्ला, ताई."

तिने नाही म्हटलं नाही. खोटी समजूत घालायचा तिचा स्वभावच नव्हता. "खाल्ला," ती म्हणाली. "तू तपासलं नाहीस. पण मीही विचारलं नाही. बाबांवर विश्वास ठेवला, मग तुझ्या डबीवर ठेवला. दोन्ही वेळा नुसता विश्वासच. डोक्यावर पंखा फिरत होता रे, मला वर बघायला काय झालं होतं?"

बाबा दुसऱ्या एका गावी गेल्याचं पुढे कानावर आलं. खटपट्या, शिंपी आणि कुबड्या घेतलेली ताई तिथं पोचले. एका शाळेच्या वर्गात त्यांनी तसाच दगड, तसंच वेटोळं, तसंच पॅडल मांडून दाखवलं. खटपट्याने सुरुवात स्वतःच्या चुकीपासून केली, काही न वगळता. मग कडं तारेभोवती मिटवून आकडा दाखवला.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. "त्या वेळी तुमचा आकडा खोटा निघाला. आजचा खरा कशावरून?"

वर्गात हशा पिकला. कुणीतरी तिला "गप बस गं" म्हणालं.

"हसू नका," ताई म्हणाली, आणि कुबडीवर जोर देऊन उभी राहिली. रिकाम्या जागेवर साडी लोंबत होती. "हा प्रश्न त्या दिवशी एकानेही विचारला असता, तर मी आज दोन पायांवर उभी असते. या बाई, पुढे या. आधी दिवे बंद करून बघा, मग लावून बघा, आकडा हलतो का ते पाहा. दगडाला हात लावा, सतरंजी उचला, तार कुठे जाते ते शोधा. बाबांना विचारा, डॉक्टरला विचारा, माझ्या या भावालाही विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यापुढे पाय टेकवू नका."

बाई पुढे आली. खटपट्याने कडं उघडून तिच्या हातात दिलं आणि दोन्ही तारा तिच्यासमोर धरल्या.